‘सोरी’ म्हणाली ती, ‘सॉरी’ म्हणाला तो

वाचकाचं पत्र (थोडक्यात):

‘मी मूळची साताऱ्याची, वय 67. यजमान गेल्यापासून मुलाकडे टोरंटोला असते. सून तिकडचीच. मराठी म्हणाल तर “बस”, “जेवलीस?”, “पुरे” एवढंच. महिन्यापूर्वी माझी धाकटी बहीण गेली. रात्री अडीचला भाचीचा फोन आला. मी स्वयंपाकघरात खुर्चीवर बसून होते. सून उठून आली, खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाली, “आय ॲम सो सोरी.” माझ्या अंगाचा तिळपापड झाला. बसमध्ये पायावर पाय पडला की म्हणतात तो शब्द! फ्रीजचं दार आपटलं की सोरी, दुकानात माझी ढकलगाडी हिला लागली तरी हीच मला सोरी. आणि माझी पाठची बहीण गेली, तिलाही तेच? मी हात झटकला. सकाळी तिनं माझ्या पद्धतीनं आलं घालून चहा केला, तो मी घेतला नाही. तेव्हापासून आमच्यात बोलणं नाही. मुलगा म्हणतो, “आई, इथे असंच म्हणतात.” बहीण आजारी असताना मी त्याला तीनदा म्हटलं होतं, मला पाठव. तो “पुढच्या आठवड्यात तिकीट बघू” म्हणत राहिला. आता म्हणतो, “सॉरी आई, एवढ्यात असं होईल वाटलं नव्हतं.” असो. भाचीला मी त्या रात्रीनंतर फोन केलेला नाही, काय तोंडानं करू? ताई, तुम्ही इंग्रजी शिकवलंत. या शब्दाचा नक्की अर्थ काय? आणि मी रागावले, यात माझं काही चुकलं का?’

उत्तर:

ताई,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना, शाळेतली खोड, ओळी मोजल्या. इथे थोडक्यात दिलंय, पण मूळ पत्र चार पानी आहे. त्यातली साडेतीन पानं सुनेची. मुलगा तीन ओळींत आटोपलाय आणि त्यापुढे तुम्ही ‘असो’ लिहिलंय. त्या ‘असो’कडे मी येणार आहे. आधी शब्दाचं बघू, कारण विचारलंत तेच आणि मला त्यात रसही आहे.

जुन्या इंग्रजीत, म्हणजे हजारेक वर्षांपूर्वीच्या, ‘सार’ असा एक शब्द होता. आपलं आमसुलाचं नव्हे. त्याचा अर्थ दुखणं, जखम, ठणका. आजही घसा खवखवला की इंग्रज ‘सोअर थ्रोट’ म्हणतो, तो ‘सोअर’ म्हणजे हाच ‘सार’. त्यावरून झालं ‘सारिग’: ज्याला दुखतंय तो, व्यथित. आणि ‘सारिग’चा घासून घासून झाला ‘सॉरी’. म्हणजे मुळात या शब्दात चूक नाही, गुन्हा नाही, माफीही नाही. आहे तो फक्त ठणका. ‘आय ॲम सॉरी’ याचा अगदी जुना, तळाचा अर्थ ‘मला दुखतंय’.

पुष्कळांना वाटतं की ‘सॉरी’ हा ‘सॉरो’चा, म्हणजे दुःखाचा, भाऊबंद. मीही कित्येक वर्षं वर्गात तसं ठोकून सांगितलंय. तसं नाही. ‘सॉरो’ आला ‘सोर्ग’ या वेगळ्याच शब्दातून. दोघांची घरं वेगळी, पण शेजार इतका जुना की चेहरे सारखे दिसायला लागले, आणि ‘सॉरो’च्या संगतीनं ‘सॉरी’चा उच्चारही बदलला असं मानतात. याच ‘सार’च्या घराण्यातला एक जर्मन नातेवाईक मात्र खरा आहे: ‘झेअर’. मूळ अर्थ वेदनेनं, आजचा अर्थ नुसता ‘फार’. हसू नका, आपणही ‘भयंकर गोड मुलगी आहे’ म्हणतोच की.

आता गंमत ऐका. तुम्ही पत्रात सुनेचा शब्द ‘सोरी’ असा लिहिलाय आणि मुलाचा ‘सॉरी’. तुमच्या कानाला सलाम. कॅनडात खरंच ‘सोरी’ म्हणतात, ‘सोअर’ला जवळचा उच्चार. त्यांनी हजार वर्षांचा ठणका मुद्दाम जपून ठेवलाय असं काही नाही, तिथला स्वरच तसा. पण त्या रात्री अडीच वाजता तुमच्या खांद्यावर हात ठेवून ती जे म्हणाली, ते शब्दाच्या मूळ अर्थाला अगदी धरून होतं.

हाच शब्द इंग्रजीत इतरही कामं करत आलाय. शेक्सपिअरचा मॅकबेथ राजाचा खून करून येतो, रक्तानं माखलेले स्वतःचे हात बघतो आणि ‘सॉरी साइट’ म्हणतो. त्याला तिथे माफी मागायची नाहीये. ‘काय हे दृश्य’, केविलवाणं, बघवत नाही असं, एवढंच. एखाद्याबद्दल ‘फील सॉरी’ म्हटलं की ती कीव. शेवट वर उचलून ‘सॉरी?’ म्हटलं की ‘काय म्हणालात? परत सांगा’. ‘सॉरी, बट’ म्हटलं की समजावं, पुढे नकार येतोय. आणि पुढचंमागचं सगळं गाळून नुसतं सुटं ‘सॉरी’ फेकायची पद्धत रुळली ती एकोणिसाव्या शतकात. आपल्याकडे आला तो बहुतेक हाच सुटा तुकडा. धक्का लागला, सॉरी. उशीर झाला, सॉरी. रिक्षावाल्याकडे सुटे नाहीत, सॉरी. त्यामुळे तुम्हाला तो पायावर पाय पडल्याचा शब्द वाटला, यात तुमचा दोष नाही. आपल्यापर्यंत अर्धाच शब्द पोचला.

आता आपल्या शब्दांकडे बघा, म्हणजे फरक हाताला लागेल. ‘माफ’ हा अरबीतून आलेला, अर्थ सुटका मिळालेला. म्हणून आपण कर्जमाफी म्हणतो, फी माफ म्हणतो. माफी मागणारा म्हणतो, तुमचं माझ्यावर देणं आहे, ते सोडा. ‘क्षमा’ संस्कृत, ‘क्षम्’ म्हणजे सहन करणं, पेलणं. क्षमता, सक्षम त्यातलेच. क्षमा मागणारा म्हणतो, माझं वागणं सहन करा. आणि आपल्या आरतीनंतरच्या प्रार्थनेत अन्याय ‘पोटी घाल’ असं देवाला विनवतात, त्यात तर समोरच्याच्या पोटाचीच मोजणी आहे. या सगळ्यांत चेंडू समोरच्याच्या अंगणात असतो. द्यायचं की नाही, त्यानं ठरवायचं. ‘सॉरी’ काहीच मागत नाही. तो फक्त बोलणाऱ्याच्या मनाची बातमी देतो.

मराठीत या जातीचा एकच शब्द मला सापडतो, तो म्हणजे दिलगीर. फारसीत दिल म्हणजे हृदय आणि गीर म्हणजे पकडणारं. काळीज आवळलेला माणूस. अगदी ‘सारिग’चा जुळा भाऊ. पण आपण त्याची काय दशा केली बघा. पेपरात वाचतो ना, ‘मंत्र्यांनी दिलगिरी व्यक्त केली, मात्र माफी मागण्यास नकार दिला’. काळीज आवळलंय, पण चूक कबूल नाही! आणि त्याच्या पुढची पायरी: ‘माझ्या बोलण्यानं कुणाच्या भावना दुखावल्या असतील तर…’ या ‘तर’वर मी परीक्षेत शून्य दिलं असतं.

हे फक्त आपल्या पुढाऱ्यांचं नाही. या फटीतून मोठमोठी राष्ट्रं निसटली आहेत. 1 एप्रिल 2001 ला दक्षिण चिनी समुद्रावर अमेरिकेचं टेहळणी विमान आणि चीनचं लढाऊ विमान एकमेकांवर आदळलं. चिनी वैमानिक गेला. अमेरिकेचं विमान परवानगीशिवाय हायनान बेटावर उतरलं, त्यातले 24 जण चीननं धरून ठेवले. चीनचा हट्ट, आधी माफी मागा. अमेरिका म्हणे, आम्ही चूकच केली नाही तर माफी कसली? अकरा दिवस घोळ चालला आणि शेवटी एक पत्र तयार झालं. त्यात ‘व्हेरी सॉरी’ दोनदा: एकदा वैमानिकाच्या जाण्याबद्दल, एकदा परवानगी न घेता उतरल्याबद्दल. चीननं आपल्या लोकांना सांगितलं, बघा, झुकले. अमेरिकेनं आपल्या लोकांना सांगितलं, ही माफी नव्हे, आम्ही फक्त खेद कळवला. 24 माणसं घरी गेली. हा शब्द नेमका इतका दुटप्पी नसता तर ती कधी सुटली असती, कोण जाणे.

आणि ब्रिटन. जालियनवाला बागेला शंभर वर्षं होत आली तेव्हा, एप्रिल 2019 मध्ये, पंतप्रधान थेरेसा मे पार्लमेंटमध्ये उभ्या राहिल्या आणि ‘डीपली रिग्रेट’ म्हणाल्या. रिग्रेट म्हणजे खेद. पूर्ण माफीची मागणी होती, ती काही आली नाही. तुमच्या कॅनडानं मात्र 2016 च्या मे महिन्यात कोमागाता मारूबद्दल सरळ माफी मागितली. त्या बोटीतून 1914 साली व्हँकूवरला गेलेल्या 376 हिंदी प्रवाशांपैकी, त्यात बहुतेक शीख होते, जवळजवळ सगळ्यांना किनाऱ्यावरून परत पाठवलं होतं. पंतप्रधान त्रुदो यांनी ती माफी संसदेत, उभं राहून, काय केलं होतं त्याचं नाव घेऊन मागितली. मला फरक दिसतो तो शब्दापेक्षा या नाव घेण्यात.

तुम्ही ज्या गावात राहता तिथे तर या शब्दासाठी कायदा आहे. खरंच. ओंटॅरिओ प्रांतानं 2009 साली माफीचा कायदा केला. ब्रिटिश कोलंबियानं त्याआधी, 2006 मध्ये. पूर्वी तिकडचे डॉक्टर रुग्णाच्या घरच्यांना ‘सॉरी’ म्हणायलाही कचरत, कारण उद्या वकील कोर्टात म्हणणार, बघा, चूक कबूल केली. कायद्यानं सांगितलं, कुणी ‘सॉरी’ म्हणालं, हळहळ दाखवली, पश्चात्ताप दाखवला, तरी दिवाणी दाव्यात ती चुकीची कबुली धरायची नाही. थोडक्यात तुमच्या सुनेच्या प्रांतात ‘सोरी’ आणि ‘चूक माझी’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे सरकारी शिक्क्यानिशी ठरलेलं आहे. दुकानात गाडी तिला लागली आणि सोरी तीच म्हणाली, ते म्हणूनच. ‘अरेरे, लागलं का’ असं ती म्हणत होती. चूक कुणाची हा विषयच नव्हता.

आपल्याकडे अशा वेळी बोलायची पद्धतच कमी, म्हणून तुम्हाला ते जास्त टोचलं असावं. पाय लागला तर आपण शब्द शोधत नाही, हात लावून नमस्कार करतो, झालं. कुणी गेलं की भेटायला जातो, सतरंजीवर बसतो, ‘फार वाईट झालं’ म्हणतो, नाहीतर ‘कसं झालं अचानक?’ आणि मग गप्प. निघतानाही ‘येतो’ म्हणत नाही, नुसतं उठतो. आपल्या शोकाला शब्द नाहीत, बसणं आहे. तिच्याकडे बसणं कमी आणि ते तीन-चार शब्द आहेत. त्यातले सगळ्यात जुने, सगळ्यात खरे तिनं उचलले. तुम्ही तिचं इंग्रजी मराठी कानानं ऐकलंत. ‘आय ॲम सो सोरी’ म्हणजे ‘फार वाईट झालं हो आई’. शब्दशः नाही, पण शब्दशः भाषांतरानंच तर घात केलाय.

यावर तिकडे काय म्हणायचं असतं तेही सांगते, पुढे लागेल. ‘इट्स ओके’ नाही. ‘तुझा काय दोष’ तर नाहीच. नुसतं ‘थँक यू’.

आता त्या ‘असो’कडे येते.

मी शाळेत असताना सातवीत दोन मुलं होती. एकानं दुसऱ्याचा डबा खाल्ला, दुसऱ्यानं पहिल्याची कंपासपेटी खिडकीतून खाली टाकली. दोघं माझ्यासमोर उभे. मी म्हटलं, सॉरी म्हणा एकमेकांना. डबा खाणाऱ्यानं खिडकीकडे बघत ‘सॉरी’ म्हटलं, इतक्या चटकन की जणू उचकी लागली. मी विचारलं, ‘कशाबद्दल?’ तो गप्प. ‘कशाबद्दल रे?’ बूट घासत राहिला. तास संपत आला तेव्हा कुठे तोंडातून आलं, ‘त्याच्या आईनं पुरणपोळी दिली होती, ती मी खाल्ली.’ आणि मग रडायलाच लागला. दुसरा आपणहून म्हणाला, ‘पेटी मी आणतो खालून.’ त्या दिवसानंतर मी वर्गात ‘सॉरी म्हणा’ असं सांगणं सोडून दिलं. ‘काय केलंस ते सांग’ एवढंच विचारायची.

तुमच्या मुलाला मराठी येतं. त्याचा शब्द सुनेच्या शब्दासारखाच दिसतो, पण काम उलटं करतो. तिला चूक कबूल करायची नव्हती, कारण तिची चूक नव्हती. तिनं दुःख सांगितलं. त्याला चूक कबूल करायची होती, आणि त्यानं दुःख सांगून वेळ मारून नेली. ‘एवढ्यात असं होईल वाटलं नव्हतं.’ वाटलं नव्हतं, खरंच असेल. पण तीनदा ‘पुढच्या आठवड्यात’ म्हटलं ते कुणी? हे ‘सॉरी’ म्हणजे ती खिडकीकडे बघून लागलेली उचकी. तुमच्या बहिणीचा चेहरा तुम्हाला शेवटचा बघता आला नाही, हे त्याच्या तोंडून यायला हवं होतं आणि आलं नाही. तो राग तुमच्या हातात उरला. मुलावर टाकवेना, त्याच्या घरात राहता, एकुलता एक असेल, दमून येत असेल, मी समजू शकते. मग समोर आली ती खांद्यावर हात ठेवणारी. तिला चहाचा कप परत गेला.

म्हणजे रागावलात यात चुकलं का? रागावलात ते बरोबर. माणूस चुकलं.

तेव्हा मुलाशी बोला, आणि मराठीतच. तो मध्येच ‘सॉरी म्हटलं ना आई’ म्हणेल. म्हणू दे. तुम्ही विचारा, ‘कशाबद्दल रे?’ आणि मग गप्प बसा. त्याला मदत करू नका. ‘जाऊ दे, तुझी कामं असतात’ हे वाक्य तुमच्या ओठांवर येईलच, आयांच्या येतं, ते गिळा. त्याच्या तोंडून ‘मी तिकीट काढायला हवं होतं’ एवढं आलं की पुरे, लोटांगण नको. आणि त्याच बसण्यात त्याला सांगा, आता काढ. बहीण नाही, पण भाची आहे, घर आहे, तुमच्या बहिणीच्या साड्यांचं कपाट आहे. पुढच्या आठवड्यात बघू नव्हे. तुमच्यासमोर, तारीख घालून.

सुनेला मोठं भाषण द्यायची गरज नाही. तुमचं इंग्रजी आणि तिचं मराठी, दोन्हीला ते पेलणार नाही. उद्या सकाळी तिला चहा मागा. आलं घालून. ती दचकेल. कप घेताना ‘थँक यू’ म्हणा, महिन्यापूर्वीचंही त्यातच आलं. वाटलं तर तिला ‘वाईट झालं’ शिकवा. ‘बस’ आणि ‘पुरे’ नंतर तिला हा शब्द यायला हरकत नाही. ‘झ’ तिला जड जाईल, ‘वाईट जालं’ म्हणेल, गोवेकरीण वाटेल.

राहिला फोन. ‘काय तोंडानं करू’ असं लिहिलंत, म्हणजे तुमच्याही मनात ‘मी गेले नाही’ हे आहे. भाचीला तुमच्याकडून दोन्ही हवंय, दुःखही आणि कबुलीही, आणि इंग्रजीत त्याला एक शब्द पुरतो म्हणून आपल्याला एकात भागवायचं काही कारण नाही. तिथे सकाळ असेल तेव्हा करा, ती कामाला निघायच्या आधी. मुलाचं, तिकिटाचं काही सांगू नका, ते तिच्यासाठी नाही. ‘बाळा, मी यायला हवं होतं. आले नाही. चुकलं माझं,’ एवढं म्हणा. मग तिला बोलू द्या.